दोघांच्या मापाची चौकट

४ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

पार्सलात जे जे आहे ते या दोन हातांनी केलेलं आहे. वाटेत काही गहाळ झालं तर तुला कळावं म्हणून यादी देतो. एक लाकडी चौकट, कोपऱ्यांना खिळा नाही, नुसती खाच आणि सरस. फोन उभा करायचा तिपाई स्टँड. त्याचा स्क्रू जुन्या कॅमेऱ्याचा आहे, दोन बोटांनी फिरव, पक्कड लावू नकोस. उजेड परतवायचा पांढरा पडदा, वेताच्या कडीवर ताणलेला; खिडकीच्या समोरच्या बाजूला धरायचा, म्हणजे चेहऱ्याची अंधारी बाजू उजळते. आणि एक खुळखुळा. त्याला रंग मुद्दाम दिलेला नाही, नातू तो तोंडात घालणारच. आत सुके वाटाणे आहेत, मोजून नव्हे, आवाज ऐकून घातलेत. विकतचा फक्त कागद. सुतळीसुद्धा जुनी आहे.

खुळखुळ्याचं लाकूड कुठलं ते सांगतो. बाळांच्या फोटोंसाठी मी खुर्ची केली होती, तिच्या पायाचा उरलेला तुकडा मी जपून ठेवला होता. तू ती खुर्ची पाहिली आहेस, पण तेव्हा चार महिन्यांची होतीस, आठवत नसेल. मान धरायला लागली होतीस, बसता येत नव्हतं. अशा बाळाचा एकट्याचा फोटो काढायचा कसा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मीच डोकं चालवलं. पाठीला दोन भोकं पाडली, त्यांवर झालर लावली. आईनं मागे गुडघे टेकून बसायचं, भोकांतून हात घालायचे आणि झालरीआडून बाळाला धरायचं. फोटोत बाळ राजासारखं बसलेलं, आई कुठेच नाही. त्या खुर्चीवरचा पहिला फोटो तुझा. मागे तुझी आई होती. माझ्या ताईचे हात त्यात कुणाला शोधून सापडणार नाहीत, इतकी सफाई आहे.

तर आता काम. चौकट आडवी आहे, दोघांच्या मापाची. तुझा आणि नातवाचा फोटो तिच्यात बसवायचा आणि एक प्रत मला पोस्टाने पाठवायची. फोनवर पाठवलेल्या फोटोला मी फोटो धरत नाही. कागदावर आला तर तो फोटो.

जावईबापू बोटीवर परत गेले असतील. समुद्रावरून बाळाचे लंगोट बदलता येत नाहीत, हे त्यांना कळवून ठेव.

मामा

२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

पार्सल पोचलं. यादीतलं सगळं आहे, सुतळीसकट. खुळखुळा त्याने लगेच तोंडात घातला आणि मग माझ्या नाकावर आपटला, म्हणजे आवडला.

आम्ही मजेत आहोत. बाळ शहाणं आहे. रात्री जरा उठतं, पण सगळीच उठतात म्हणे. तुझे जावई जून संपता संपता येतील. बोटीवरून फोन लागतो तेव्हा नेमका हा रडत असतो, त्यामुळे आमचं निम्मं बोलणं 'ऐकू येत नाही' एवढंच होतं. पत्र बरं. एका हाताने लिहिता येतं, मध्येच थांबवलं तर रुसत नाही.

खाली रस्त्यावर फोटो छापून देणारीचं दुकान आहे, तिथून तीन छापून आणले. आणताना काही त्रास झाला नाही. सोबत पाठवतेय. बघ कसे वाटतात.

सासूबाईंचा फोन होता. त्या म्हणतात, बाळ वर्षाचं होईपर्यंत त्यांच्याकडे ठेवावं, मी नोकरीवर परत जावं. मार्चच्या शेवटी स्वतः येऊन घेऊन जातील. त्यांचं घर मोठं आहे, अंगण आहे, माणसं आहेत. इथे काय, मीच एकटी.

तुला काय वाटतं?

ठकू

१ मार्च

प्रिय ठकू,

फोटो मिळाले. खिडकीजवळ धरून, भिंग लावून पाहिले. मत मागितलं आहेस म्हणून स्पष्ट लिहितो.

पहिला हललेला आहे. दुसऱ्यात तीक्ष्णपणा बाळाच्या चेहऱ्यावर हवा होता, तो उशीवर आलाय. उशीचा फोटो म्हणून उत्तम आहे. तिसरा त्यातल्या त्यात बरा. पण तिन्हींत खिडकीचा पडदा ओढलेला. दिवसाढवळ्या पडदा ओढून विजेच्या दिव्यात फोटो काढायचा, याला काय म्हणावं? घरात देवाने फुकट उजेड पाठवलाय, तो बाहेर ताटकळत ठेवलास. तिन्हींत चादर तीच. तिन्हींत कोपऱ्यातल्या स्टुलावर चहाचा कप, साय धरलेला. फोटो काढण्याआधी चौकटीत काय काय येतंय ते बघावं, नको ते उचलावं. कप उचलायला असा कितीसा वेळ लागतो?

आणि मुख्य गोष्ट. तू कुठे आहेस? तिन्हींत बाळ एकटं. मी चौकट दोघांची केली आहे. एकाला बसवलं तर दोन्हीकडे मोकळी जागा दिसेल आणि बघणारा म्हणेल, करणाऱ्याचं माप चुकलं. स्टँड कशाला पाठवलाय?

सासूबाईंचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे. मोठं घर असलं की बाळ रमतं. तुमचं तुम्ही ठरवा.

इकडे ठीक. दुकान चालू आहे. हॉटेलं सजवणारा एक गृहस्थ येऊन खुर्चीभोवती तीनदा फिरला. झालर वर करून भोकं पाहिली, 'वा' म्हणाला. पुन्हा येईन म्हणालाय. जाणकार दिसला.

मामा

९ मार्च

मामा,

फोटोत मी नाही, कारण मी सध्या फोटोत असण्यासारखी नाही.

ते तीन फोटो एका दिवसाचे नाहीत. सोमवारचा, मंगळवारचा आणि गुरुवारचा आहे. कप तोच आहे. पडदा ओढलेला असतो कारण समोरच्या बाल्कनीतली माणसं माझ्याकडे बघतात असं मला वाटतं. बघत नसतीलही.

आणखी एक तुला लिहिलं नव्हतं. फोटो छापून आणताना त्रास झाला नाही असं मी लिहिलं, ते खोटं होतं. बाळ झोपलं होतं. म्हटलं, खाली जाऊन दोन मिनिटांत वर येऊ. वर आले तर दार लागलेलं. कुलूप आपोआप बसतं आणि किल्ली आत. तोवर हा उठला होता. दाराला कान लावून मी त्याचं रडणं ऐकत होते आणि मला हाका मारायचंही सुचत नव्हतं. छपाईवाली माझे उरलेले सुटे पैसे द्यायला मागोमाग आली, तिने मला तसं पाहिलं आणि पळत जाऊन किल्लीवाल्या आजोबांना आणलं. त्यांनी दार उघडलं. एक शब्द बोलले नाहीत, पैसे घेतले नाहीत. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर मी खाली गेलेली नाही. हे पत्रही दूधवाल्याच्या हाती टाकायला देतेय.

म्हणून सासूबाईंना मी हो म्हणून टाकलं. २८ तारखेला येतायत.

तुझ्या त्या फोटोबद्दलही सांगते. तो आमच्या घरी कपाटात उभा असायचा. मी खुर्चीत बसलेली, खुशाल हसतेय, आणि मला कुणीच धरलेलं नाही. लहानपणापासून तो बघत आलेय. आईचा आणि माझा, मी तान्ही असतानाचा, एकही फोटो नाही. परवा बाळाला पाजताना मनात आलं, जमतं की. आई दिसली नाही तरी बाळ हसतं.

ठकू

१६ मार्च

प्रिय ठकू,

तुझं पत्र चार दिवसांपूर्वी आलं. उत्तराला उशीर झाला, कारण दोनदा लिहून फाडलं.

आधी वस्तुस्थिती लिहितो. त्या खुर्चीत बाळ धरल्याशिवाय बसत नाही. बैठक पुढे उतरती आहे, हात काढले तर बाळ घसरून येईल. तुला तुझ्या आईनं दोन्ही हातांनी धरलं होतं, डावा पोटावर, उजवा काखेत. तिचे गुडघे फरशीवर होते, खाली पोतं टाकायचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पहिला रोल संपेपर्यंत ती तशीच होती. तू अधांतरी नव्हतीस. हे मी तिथे उभा होतो म्हणून सांगतो.

मागच्या पत्रात सासूबाईंबद्दल मी जे वाक्य लिहिलं ते अंदाजाने लिहिलं होतं. अंदाजाने लिहिलेलं धरू नये.

शेजारच्या लाँड्रीवाल्या बाई तुला माहीत नाहीत. तोंडाने फटकळ, हाताने चोख. दुपारी माझ्याकडे बसायला येतात, कारण त्या वेळी त्यांच्या दुकानात वाफ असते आणि माझ्या दुकानात कुणीच नसतं. तुझे फोटो टेबलावर होते. मी त्यांना उशीवरचा तीक्ष्णपणा दाखवला. त्यांनी कपावर बोट ठेवलं.

"हा चहा कुणी प्यायचा होता?"

म्हटलं, "भाचीनं."

"मग प्यायली का नाही?"

"विसरली असेल. तीन दिवस तोच कप होता म्हणे."

"तीन-तीन दिवस? मामा, अहो तुम्ही भिंगातून उशी बघितली. पोरीला दाढेखाली घास धरायला फुरसत नाही, हे तुम्हाला भिंगाशिवाय दिसायला हवं होतं."

मी म्हटलं, फोटोत ती नाहीच, तर दिसणार कशी. त्यावर त्या म्हणाल्या, "तेच तर." आणि कपडे घेऊन निघून गेल्या. बाईंना शेवटचा शब्द लागतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, पोरीच्या घराखाली दुकानं कोणकोणती आहेत. मला दोनच सांगता आली, तीही तुझ्या पत्रातून. तर आता नवं काम. स्टँड उचलून माळ्यावर टाक. बाळाला कडेवर घे, किल्ली गळ्यात बांध आणि रोज एका दुकानात जा. दुकानदाराच्या हातात फोन दे, म्हण, आमच्या दोघांचा फोटो काढा. सुरुवात किल्लीवाल्यापासून. ज्याच्यासमोर मान खाली गेली त्याच्याच दारात आधी उभं राहावं, म्हणजे बाकीची दारं सोपी जातात. हे वाक्य बाईंचं आहे, पण मला पटलं.

केस विंचरू नकोस, त्यात वेळ जातो. छापून मला पाठव. चौकट भरेपर्यंत सासूबाईंना दिलेला शब्द पक्का धरू नकोस.

आणि मी निगेटिव्ह शोधतोय. का ते सापडल्यावर लिहीन.

मामा

२१ मार्च

प्रिय मामा,

पहिल्या दिवशी जिन्यातून दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा छपाईवालीनेच खालून पाहिलं आणि म्हणाली, "जिना मोजताय का? पायऱ्या तितक्याच आहेत, मी कालच बघितल्या."

किल्लीवाल्या आजोबांना फोन दिला. त्यांनी तो कानाला लावला. म्हटलं, आजोबा, फोटो काढायचाय. ते म्हणाले, "माझा कशाला?" समजावून सांगितल्यावर त्यांनी चष्मा पुसला, फोन पुसला, बाळाचं नाकही पुसलं आणि इतका वेळ नेम धरला की बाळ झोपून गेलं. निघताना मी त्या दिवसाचा विषय काढला. म्हणाले, "पोरी, लोक बाहेर अडकतात म्हणून माझं घर चालतं. तुझ्यासारखी महिन्याला एक तरी असतेच. एकदा एक डॉक्टरीणबाई होती, तिचं तर दुसरं बाळ होतं." मग त्यांनी मला किल्लीची जोड-किल्ली करून दिली. एक छपाईवालीकडे ठेवायला सांगितली.

दुसरा फोटो बेकरीवाल्याने काढलाय. त्यात त्याचा अंगठा मोठा आणि आम्ही लहान आहोत. पण त्याने खुर्ची दिली आणि गरम पाव दिला, आणि म्हणाला, "आधी खा, मग फोटो. उपाशी माणसाचा फोटो उपाशीच येतो." बाळाला त्याच्या बायकोने घेतलं. मामा, मी दोन्ही हातांनी पाव खाल्ला. किती दिवसांनी, ते आठवेना.

तिसरा छपाईवालीचा. ती रोज फोटो छापते, पण काढते भयंकर, माझं कपाळ कापलंय. आता ती दुपारी दुकान बंद करते तेव्हा वर येते आणि मी अंघोळ करेपर्यंत बाळाला धरते. बाहेरून ओरडत असते, "सावकाश, आम्ही गप्पा मारतोय."

हे सगळं वाचून तुला वाटेल की झालं, सुटलं. तसं नाही. काल संध्याकाळी दुकानांची शटरं खाली आली, तो आवाज एकामागून एक वर येतो, आणि मी बाळाला घेऊन पलंगावर बसले ती उजाडेपर्यंत. तेव्हा वाटलं, सासूबाईच बऱ्या. अठ्ठावीसला काय सांगायचं ते मला अजून माहीत नाही. त्या बॅग घेऊनच येणारेत.

निगेटिव्ह सापडली का?

ठकू

२४ मार्च

प्रिय ठकू,

हे पत्र जलद टपालाने पाठवतोय, अठ्ठावीसच्या आधी मिळायला हवं.

तिन्ही फोटो पाहिले. बेकरीवाल्याच्या अंगठ्याला प्रकाश सुंदर पडलाय. छपाईवालीला सांग, कपाळ हा चेहऱ्याचाच भाग असतो. किल्लीवाल्यांचा फोटो तिरका आहे, तुम्ही दोघं घसरून चाललात असं वाटतं, पण तू त्यात बाळाकडे बघते आहेस आणि तुला फोटो काढला जातोय याचं भान नाही. असा फोटो मला जमायला दहा वर्षं लागली. त्यांना हे सांगू नकोस.

निगेटिव्ह सापडली. ताई गेल्यानंतर तिच्या वस्तूंबरोबर मी ती माझ्याच माळ्यावर टाकली होती आणि शोधत होतो दुकानात.

आता नीट वाच. फिल्मवर जे असतं ते सगळं फोटोत येत नाही. छापताना आपण हवं तेवढं ठेवतो, बाकीचं कडेने झाकतो. तुझा फोटो छापताना मी खुर्चीच्या कडेशी झाकला होता. तो बरोबर झाकला होता, कारण बाळाचा एकट्याचा फोटो ठरला होता आणि तुझ्या आईनंच मला बजावलं होतं, "मला धरू नकोस रे फोटोत, अवतार बघ माझा." मी तिचं ऐकलं. धाकटा भाऊ होतो, ऐकायची सवय होती.

पण फिल्मनं तिचं ऐकलेलं नाही. डार्करूम उघडली. निगेटिव्हवरून फोटो मोठा करायचा एन्लार्जर मी स्वतः केलेला आहे, दुधाच्या पावडरच्या डब्याचा. अजून त्याची रेघ सरळ पडते. या वेळी काही झाकलं नाही. सोबत पाठवतोय ती प्रत.

उजवीकडे तू. डावीकडे, खुर्चीच्या पाठीआडून एका अंगाला झुकलेली तुझी आई. दोन्ही हात भोकांत अडकलेत म्हणून तोंडानेच तुला हसवतेय. गाल फुगवलेले, डोळे तिरळे केलेले. केस विंचरलेले नाहीत. खांद्यावर टॉवेल, त्यावर दुधाचा डाग. अंगातल्या ब्लाउजचं एक बटण चुकीच्या काजात आहे. डोळ्यांखाली काळं आहे. मी ते भिंगाने पाहिलं, ती छपाईची चूक नाही. तिलाही झोप नव्हती.

आणि तू कॅमेऱ्याकडे बघून हसत नाहीयेस. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की त्या हसण्यासाठी मी खुळखुळा वाजवला. तू डावीकडे बघते आहेस.

आई दिसली नाही तरी बाळ हसतं, असं तू लिहिलं होतंस. तुला ती दिसत होती. दिसत नव्हती ती बाकीच्यांना.

मामा

१० एप्रिल

प्रिय मामा,

पत्र सत्तावीसला मिळालं. प्रत हातात घेऊन मी इतकी रडले की बाळ गप्प झालं आणि माझ्याकडे बघत राहिलं. मग मी गाल फुगवले. मामा, तो हसला.

सासूबाई ठरल्याप्रमाणे आल्या, मोठी रिकामी बॅग घेऊन, बाळाच्या कपड्यांसाठी. चौकट भिंतीवर होती. तुझा माउंट, फोटोभोवतीचा पुठ्ठा, मी काढून टाकला (रागावू नकोस) आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी सरकवलेत, किल्लीवाल्या आजोबांचा आणि तुझा. जरा एकमेकांवर चढलेत. सासूबाई पुढे जाऊन बघत राहिल्या. त्यांनी आईला फक्त आमच्या लग्नात पाहिलेलं, परीटघडीची.

"या विहीणबाई?" म्हणाल्या. "अशा?"

म्हटलं, "अशाच."

त्या खाली बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. मग मी सांगून टाकलं, मला बाळ पाठवायचं नाही. जमत नाहीये, पण पाठवायचं नाही. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. तर त्या म्हणाल्या, "सुटले गं बाई. मी आपलं बोलायचं म्हणून बोलले, मला वाटलं तू नको म्हणशील. तू हो म्हणालीस तेव्हापासून माझी झोप उडालीय. माझे गुडघे बघ. या वयात त्याच्यामागे कोण धावणार?"

एवढ्यासाठी आम्ही दोघी महिनाभर कुढत होतो.

बाळाला न्यायला आलेल्या, त्या इथेच दहा दिवस राहिल्या. रोज मला झोपवलं. जाताना बॅगेत बेकरीवाल्याचे पाव भरून नेले, वर म्हणाल्या, रिकामी नेली तर लोक काय म्हणतील.

आता पुन्हा आम्ही दोघंच. खोटं लिहीत नाही. संध्याकाळी शटरं पडली की अजूनही मी बाळाला घेऊन पलंगावर बसते. जिन्यात पाय वाजले की वाटतं, आपल्याकडे कुणी येतंय. बहुतेक वेळा ते वरच्या मजल्यावर जातात. पण पडदा उघडा असतो, आणि समोरच्या बाल्कनीतली माणसं माझ्याकडे बघत नव्हती, स्वतःच्या कुंड्यांकडे बघत होती.

एक विचारायचं होतं. माझ्याकडे असलेल्या आईच्या सगळ्या वस्तू मी धुंडाळल्या. तुझा एकही फोटो नाही. आमच्या घरातला प्रत्येक फोटो तूच काढलेला, त्यामुळे तू कशातच नाहीस. लाँड्रीवाल्या बाई दुपारी येतात तेवढं सोडलं तर दिवसभर तुझ्याशी कोण बोलतं? चौकटीच्या कोपऱ्यात अजून थोडी जागा आहे. तुझा फोटो पाठव. केस विंचरू नकोस, त्यात वेळ जातो.

ठकू

२ मे

प्रिय ठकू,

माउंट काढलास ते वाचलं. फोटो एकमेकांवर चढवायचे नसतात, पाठीमागून ओल धरते. पण राहू दे.

माझ्याशी दिवसभर कोण बोलतं, असं विचारलंस. आतापर्यंत याचं उत्तर सोपं होतं, म्हणून मी ते कधी कुणाला दिलं नाही. कॅमेऱ्यामागे उभ्या माणसाला लोक इकडे बघू का, हसू का, एवढंच विचारतात, आणि फोटो झाला की निघून जातात. गेली काही वर्षं तेही विचारायला फारसं कुणी येत नाही. तुझी पत्रं मी दुकानात वाचतो, घरी नेत नाही. घरी वाचली तर नंतर करायला काही उरत नाही.

तर बातम्या. तुझ्या किल्लीवाल्याची आणि बेकरीवाल्याची गोष्ट बाईंनी गल्लीभर केली. त्यांचं म्हणणं, तिकडच्या दुकानदारांना जमतं ते इकडच्यांना का नाही. आता आमच्या गल्लीत कुणी बाळंत झालं की पहिले दोन महिने बाळाचे कपडे बाई फुकट धुतात, औषधवाला घरपोच देतो, खानावळीतून दुपारचं जेवण जातं, आणि ते पोचवायला जाणाऱ्याने बाळाला धरून आईचं जेवण होईपर्यंत थांबायचं, ही बाईंची अट. माझ्याकडे फोटो. माझी अट, आई फोटोत हवी. अवतार आहे ही सबब चालणार नाही. दुकानातला कंगवा मी ड्रॉवरमध्ये टाकलाय.

या कामाला जुनी खुर्ची चालत नव्हती. तिची पाठ कापून काढली, बैठक एका बाजूने वाढवली, उतार काढला. नवं लाकूड जुन्याला कुठे जोडलंय ते हात फिरवून कळत नाही. आता आई मागे गुडघे टेकत नाही, शेजारी बसते. आतापर्यंत तिघी बसून गेल्या. एक बसल्या बसल्या झोपली. तिचाही फोटो काढला, नंतर तिला उठवलं नाही, दुकानच उशिरा बंद केलं. बाळ माझ्याकडे होतं.

माझा फोटो सोबत आहे. बाईंनी काढला. खुर्चीची माझ्या शेजारची बाजू रिकामी आहे, तिकडे बघून वाटेल करणाऱ्याचं माप चुकलं. चुकलेलं नाही. जून संपला की जावई येतील, तेव्हा तुम्ही तिघं इकडे या.

चौकटीची उरलेली जागा याने भरेल. कडेने झाकू नकोस.

ज्या दिवशी पाठ कापायला घेतली त्याच दिवशी तो हॉटेलं सजवणारा गृहस्थ आला. खुर्ची उलटी घातलेली, करवत माझ्या हातात. दारातूनच ओरडला, कापू नका, आहे तशी द्या, झालरीसकट, भोकांसकट, मोठ्या हॉटेलच्या दर्शनी भागात ठेवतो, खाली तुमचं नाव लावतो. नाव म्हटल्यावर मी थांबलो होतो, ते कबूल करतो. छप्पर गळतंय, तेही त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. मी म्हटलं, जरा बाजूला व्हा, भुसा उडेल. त्याने देऊ केलेली रक्कम तुला माहीत असावी म्हणून लिहितो. एक लाख चाळीस हजार.

मामा